फुटक्या काजूंचा हंगाम

शाळेतून घरी येताना ओहोळाच्या वळणावर एक काजूची बाग लागते. फेब्रुवारी सरत आला की तिच्या कुंपणापलीकडून पिकल्या बोंडूंचा, काजूच्या फळांचा, वास यायला लागतो. गोड, आंबूस आणि थोडासा चढलेला. बाहेरगावची माणसं तिथे नाकाला रुमाल लावतात. मी दरवर्षी स्कूटर हळू करते आणि तो वास छातीत भरून घेते. या वर्षी केली नाही. वास आला, काजू सुरू झाले एवढं डोक्यात आलं, आणि लगेच पुढचा विचार आला तो घरी झाकून ठेवलेल्या पेजेचा. आईनं ती संपवली असेल का, की तिच्याजवळ बसणाऱ्या बाईनं तशीच परत ओट्यावर नेऊन ठेवली असेल?

मी थकले आहे. हे मी कुणाजवळ बोलत नाही, कारण बोललं की माणसं सल्ले देतात आणि सल्ला ऐकून घ्यायलाही अंगात जोर लागतो. सकाळी पाचला उठायचं, आईचं सगळं आवरायचं, नऊला बाई आली की शाळेत पळायचं. पाचला ती जाते, त्याआधी मला घरात पोचायचं असतं. नवरा गोव्यात नोकरीला, तो शनिवारी येतो आणि रविवारी झोपतो. त्यातच दहावीच्या सराव परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे तपासायला आलेले. लाल पेन हातात धरून मी बसल्या बसल्या पेंगते आणि एखाद्या पोराच्या भूमितीवर वाकडी रेघ उठते.

आई भाद्रपदात पडली. गणपती पाण्यात घालून सगळे परत आले होते, ती अंगणाची पायरी उतरत होती आणि पाय निसटला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, ते नीट झालं, आणि तिला मी वालावलच्या अलीकडच्या आमच्या गावातून कुडाळला माझ्या फ्लॅटवर आणली. पण दुखण्यावरच्या गोळ्यांनी पोटात व्रण झाला. डॉक्टरांनी तिखट बंद केलं, तळण बंद केलं, आंबट बंद केलं. मालवणी माणसाच्या ताटातून एवढं काढून घेतल्यावर राहतं काय? भात राहतो, आणि भाताकडे बघत बसलेलं माणूस राहतं. आधी तिनं भाकरी सोडली, मग भात, मग दूध. माघात ती दोन चमचे पेजेवर आली. काही विचारलं की म्हणायची, "जीभ मेली गो माझी." एवढंच. तक्रार नव्हती त्यात, बातमी दिल्यासारखं सांगायची.

त्या सोमवारी डॉक्टरांनी तिला काट्यावर उभं केलं आणि मला बाहेर बोलावलं. पुढच्या सोमवारपर्यंत खायला लागली नाही तर दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल, असं ते म्हणाले. चांगला माणूस आहे, अगदी हळू आवाजात बोलला. पण मी आईला ओळखते. जी बाई दुसऱ्याच्या हातून पाण्याचा तांब्या घ्यायची नाही, ती नळी घालून घेईल आणि भिंतीकडे तोंड करील. मग ते तोंड परत वळायचं नाही. म्हणजे माझ्या हातात सात दिवस होते. त्यातले सोमवार आणि गुरुवार तिचे माशाचे नव्हेत, म्हणजे त्याहून कमी.

मला तिचा राग यायचा. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण यायचा. चमचा तोंडाजवळ नेला की ती ओठ मिटायची, लहान मूल मिटतं तसे, आणि माझ्या मनात येई की ही मुद्दाम करते. मग बाथरूममध्ये जाऊन मी नळ सोडून उभी राहायची. तोंड धुऊन परत यायची आणि म्हणायची, एक घास, आये. तीही मान हलवून नको म्हणायची. आमच्या दोघींच्याही नाकी नऊ आले होते.

काजूचा हंगाम म्हटला की मला एकच वर्ष आठवतं. मी दहावीत होते ते. आमची भरडावर, म्हणजे गावाबाहेरच्या खडकाळ माळावर, चाळीसेक झाडं. त्या वर्षी बाबा माडावरून पडले आणि त्यांचा पाय प्लास्टरमध्ये गेला, तेव्हा बिया गोळा करणं, सुकवणं, भाजणं, फोडणं हे सगळं आईवर आलं. ती पहाटे भरडावर जायची, दुपारी अंगणात तीन दगडांवर भोकं पाडलेला पत्रा ठेवायची आणि त्यावर बिया ओतायची. बिया तापल्या की तेल सोडतात, ते तेल पेटतं, आणि सगळा पत्रा एकदम जाळ होतो. लांब काठीनं ढवळत ती एका बाजूला तोंड करून उभी असे. मग पत्रा उलटा करून जळत्या बिया मातीत ओतायची आणि वर राख टाकायची. काळा धूर सगळ्या घरात भरायचा. माझ्या गणवेशात, केसांत, पुस्तकात. बोर्डाच्या परीक्षेला माझ्या पुढच्या बाकावर बसलेली शहरातली मुलगी मागे वळून म्हणाली होती, काहीतरी जळतंय का? मी मान खाली घालून पेपर लिहीत राहिले.

संध्याकाळी आई फोडायला बसे. मांडीपुढे सपाट दगड, हातात लाकडी दांडका, बोटांना राख फासलेली, तरी तेलानं कातडी काळी पडून सोलून निघायची ती निघायचीच. एक बी उभी धरायची, एकच टोला, आणि टरफल दोन्हीकडे उघडून आतून गर अख्खाच्या अख्खा बाहेर. वाडीतल्या बायका तिचा हात बघायला येत. दोन टोपल्या असायच्या. एका टोपलीत अख्खे, दुसरीत फुटके. अख्खे विकायला, पाहुण्यांना, देवाला. फुटके घराला. हा नियम कुणी सांगितलेला नव्हता. आम्ही काजूवाले, आणि अख्खा काजू तोंडात टाकताना मी घरातलं एकही माणूस पाहिलं नव्हतं. आजही कुठे लग्नात वाटी पुढे आली की माझी बोटं आपसूक तुकडा शोधतात.

म्हणून मुलं जे करतात ते मीही केलं. अभ्यासाचं पुस्तक घेऊन टोपल्यांजवळ बसायची, आई जाळाकडे वळली की अख्खा गर उचलायची, अंगठ्याचं नख मधल्या फटीत घालायची आणि टक्कन मोडायची. दोन पाकळ्या फुटक्यांच्या टोपलीत टाकायच्या, थोड्या वेळानं त्याच उचलून खायच्या. आता तो फुटका होता, म्हणजे आपला होता. रोज पाच-सहा तरी मी असे नियमात बसवले असतील.

पण त्या वर्षी फुटक्यांची टोपली फारच भरायला लागली. ओटीवर पाय पसरून बसलेल्या बाबांच्या ते नजरेत आलं. त्यांना हलता येत नव्हतं, तेव्हा ते बोलायचे. एकदा गर घ्यायला आलेल्या व्यापाऱ्यासमोरच म्हणाले, "तुझो हात जड झालो आता. पयलो ऱ्हवलो नाय." व्यापारी हसला. आईनं अख्ख्यांवर फडकं टाकलं आणि ती आत गेली. मी पुस्तकात तोंड घालून होते. मी मोडते म्हणून तिला ऐकावं लागलं, हे मला त्या क्षणी कळलं. तरी मी बोलले नाही. आणि खाणंही सोडलं नाही. आई त्या फुटक्यांची वाटी रोज माझ्या पुस्तकाशेजारी आणून ठेवायची, आणि मी पान उलटत ती संपवायची. दहावीला मला चांगले गुण मिळाले. ते मी काजूंवर मिळवले असं बाबा सगळ्यांना सांगायचे, आणि प्रत्येक वेळी मी तिथून उठून जायची.

मंगळवारी मी आईला मुडदुशांचं फिकं सार करून दिलं. मुडदुशे हलके, आजाऱ्याचा मासा. तिनं एक चमचा घेतला आणि म्हणाली, "पाण्यात मासो न्हावन गेलो." विनोद केला म्हणून मला बरं वाटलं, पण वाटी तशीच परत आली. बुधवारी तिखट न घालता आमटी केली. ती तिनं तोंडातून रुमालात काढून ठेवली. गुरुवार उपासाचा. त्या संध्याकाळी पुण्याहून लेकीचा फोन आला. आजीसाठी एक फार सोपी गोष्ट सांगते म्हणाली. माशाच्या तुकड्यांना ताजं गोडं दही, मीठ, लसूण लावायचं, वर सुक्या मेव्याचा जाडसर चुरा थापायचा आणि ओव्हनमध्ये ठेवायचं. तळण नाही, तिखट नाही, वीस मिनिटं. चुरा बदामाचा नाहीतर अक्रोडाचा. मी म्हटलं, आमच्या घरात अक्रोड अजून आलेला नाही. ती हसली आणि म्हणाली, "मग काजू घे ना आई, सोपं आहे."

सोपं या शब्दाचा मला हल्ली धसका आहे. जे सोपं असतं ते करायला कुणीतरी उभं असावं लागतं. तो ओव्हन लेकीनंच दोन वर्षांपूर्वी आणून दिलेला. त्यात मी एकदा नानकटाई केली, ती करपली, आणि मी कानाला खडा लावला. तेव्हापासून त्याच्यावर क्रोशाचा रुमाल आणि त्या रुमालावर आईच्या गोळ्यांचे डबे. शुक्रवारी सकाळी मी डबे उचलले, रुमाल झटकला, आत पुसून काढलं. शाळेतून येताना बाजारात उतरले. निवतीकडून येणाऱ्या मासेवालीनं सुरमई कापून दिली. कुणासाठी विचारलं, आईसाठी म्हटल्यावर तिनं मधल्या तुकड्या निवडल्या आणि एक जास्तीची घातली. काजूचा तुकडा मात्र मी घ्यायला विसरले. दुकान समोर होतं. त्याच्या दारावरून मी गेले.

हे माझ्या लक्षात आलं तेव्हा बाई घरी गेली होती, मासा मीठ-हळदीत आणि दह्यात मुरत पडला होता आणि ओव्हनचा दिवा लागला होता. आईला एकटं ठेवून खाली उतरणं शक्य नव्हतं. तिचं ते एकदाच पडणं आम्हाला पुरलेलं आहे. मी ओट्याला टेकून उभी राहिले. शेंगदाणे होते, पण शेंगदाण्याला तिचं पोट फुगतं. मग माझी नजर कपाटाच्या वरच्या फळीवर गेली.

तिथे बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा होता, आईच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीनं बांधलेला. गेल्या हंगामातले तिचे गर. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिनं ते एकटीनं भाजले, फोडले, लाल साल काढून निवडले. एकूण एक अख्खे. पडायच्या महिनाभर आधी ती स्वतः एसटीनं येऊन तो डबा माझ्याकडे देऊन गेली होती. नातीच्या लग्नाचा डबा, तोवर उघडायचा नाही, असं बजावून. लग्नाचा पत्ता नव्हता, पण डबा तयार होता. आणि आता यापुढे ती भरडावर जाणार नाही, पत्रा तापवणार नाही, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. तिच्या हातचे तेवढेच गर जगात शिल्लक होते.

मी पट्टी सोडली. दोन मुठी गर खलबत्त्यात घातले आणि पहिला घाव घालायला हात उचलला तो तिथेच राहिला. माझ्यासारख्या बाईला माणसाला लागेल असं बोलणं एक वेळ जमेल, पण अख्खा गर कुटणं जमत नाही. तरी कुटले. थकलेलं माणूस फार विचार करत नाही, आणि ते बरंही असतं. आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, काय कुटतंस म्हणून. काजू, म्हटलं. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तुकडे मा?" मी हो, तुकडेच, म्हटलं. आईशी मी किती वर्षांनी खोटं बोलले कुणास ठाऊक.

चुऱ्यात थोडी कोथिंबीर, पावाचा चुरा, चमचाभर तूप. तुकड्यांवर तो थापला, हाताच्या पंजानं दाबला आणि ट्रे आत सरकवला. मग खुर्चीवर बसले. काचेतून बघत राहिले. पेपरांचा गठ्ठा समोर होता, त्याला हात लावला नाही. दहाएक मिनिटांनी वास सुटला. भाजल्या काजूचा वास. पण धुराशिवाय. तो वास मी आयुष्यात कधी धुराशिवाय घेतला नव्हता, त्यामुळे आधी मला तो ओळखताच आला नाही. नंतर ओळखला, आणि माझे डोळे मात्र जुन्या सवयीनं चुरचुरले.

बाहेर वॉकरचा आवाज झाला. टक, थांबणं, टक. आई तीन आठवड्यांत स्वतःहून पलंगावरून उठलेली नव्हती. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, केस सुटलेले, आणि हवेत नाक उचलून म्हणाली, "कोण भाजता गो काजी?"

मी तिला खुर्चीवर बसवलं. बाहेर अजून उजेड होता, सातही वाजले नव्हते. बशीत एक तुकडी वाढली, मधला काटा काढला, वरचा थर तांबूस झाला होता. तिनं चमचा घेतला नाही. हातानं तो थर मोडला आणि बोटांत धरून उलटसुलट पाहिला. कुटण्यातून सुटलेली एक पाकळी होती त्यात, अख्खीच्या अख्खी, वाकलेली. ती तिनं तोंडात टाकली, समोरच्या चार दातांनी चावली, आणि कपाटाच्या वरच्या फळीकडे पाहिलं. पट्टी ओट्यावर पडली होती.

"माझे," ती म्हणाली.

मी होय म्हटलं. विसरले, खाली जाता आलं नाही, दुसरं काही नव्हतं, असं सगळं भरभर सांगितलं. लग्नाचे होते, अख्खे होते, मी कुटले. बोलता बोलता माझा आवाज फुटला, आणि मग मी काजूंबद्दल बोलत नव्हते. सोमवारबद्दल बोलत होते. तू खा, नाहीतर ते नळी घालतील, मला आता होत नाही आये, असं म्हणाले. तिच्यासमोर पहिल्यांदाच म्हणाले.

तिनं बशी जवळ ओढली. माशाचा एक घास मोडला आणि खाल्ला. मग दुसरा. मी घास मोजत होते. तिसऱ्या घासाला ती म्हणाली, लग्न होतला तेव्हा होतला, तेव्हा बाजारातले घे. मग बराच वेळ चावत राहिली आणि बशीकडेच बघत बोलली.

"त्या वर्सा माझो हात जड नाय होतो."

कुठल्या वर्षी, हे तिनं सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

"मीच जोरान मारी होतंय. तू अभ्यास करी होतंस, हाडा वर इली होती तुझी. अख्खे दिले तर तुझ्या बापाशीक काय सांगतलंय? फुटक्याक कोण इचारता."

मी तिच्या बोटांकडे पाहिलं. राखेचा आणि तेलाचा काळा रंग कधीच गेला होता, फक्त नखांच्या कडा अजून तशाच जाड. ज्या बाईचा हात बघायला वाडी यायची तिनं तो हात महिनाभर वाईट ठरवून घेतला होता. व्यापाऱ्यासमोर. आणि पस्तीस वर्षं त्यावर एक शब्द काढला नव्हता. त्या हंगामात ती किती थकलेली असेल, हे मला माझ्या आत्ताच्या थकव्यावरून कळलं. त्याआधी कधी कळलं नव्हतं. मी त्या हंगामातला धूर लक्षात ठेवला होता, गणवेशाचा वास लक्षात ठेवला होता, माझी चोरी लक्षात ठेवली होती. तिचा चेहरा मला आठवतच नाही. ती नेहमी जाळाकडे तोंड करून किंवा दगडावर वाकलेली असायची.

पुढच्या सोमवारी डॉक्टरांनी तिला काट्यावर उभं केलं. आकडा फार हलला नव्हता, पण खाली गेला नव्हता. त्यांनी नळीचं नाव काढलं नाही. तो मासा मी त्यानंतर चार वेळा केला आहे, बाजारातला तुकडा घालून. आई म्हणते पहिल्यासारखा लागत नाही, आणि खाते. ओव्हनवरचा रुमाल मी घडी करून ठेवून दिला आहे. थकवा आहे तिथेच आहे, तो काही मासा खाऊन जात नाही. ओहोळाच्या वळणावर मात्र मी परत स्कूटर हळू करायला लागले आहे.

त्या शुक्रवारी तिनं दीड तुकडी खाल्ली. पाणी प्यायली, तोंड पुसलं आणि मला विचारलं, तू जेवलंस? मी नंतर जेवते म्हटलं. तिनं डबा मागितला. मी तो तिच्या मांडीवर ठेवला. तळाशी हात घालून तिनं एक गर निवडून काढला, टपोरा, कुठेही खोट नसलेला. मला वाटलं असाच हातावर ठेवणार. पण तिनं अंगठ्याचं नख त्याच्या मधल्या फटीत घातलं आणि दाबलं. गर मोडला नाही. तिनं परत दाबलं, अंगठा घसरला. मग तिनं तो माझ्या तळहातावर ठेवला आणि मघापासून पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"तूच मोड गो," ती म्हणाली. "तुका सवय आसा."